दुसऱ्याच्या कुळाची ताटे

आपल्या आडनावाला कुलचिन्ह नाही याची खंत करू नये. ते ताटासकट विकत मिळते. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या खानदानी आणि त्याहून अधिक म्हणजे नुकत्याच खानदानी झालेल्या मंडळींनी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील अधिकाऱ्यांमार्फत आपल्या ढालीचे, म्हणजे कुलचिन्हाचे, चित्र चीनमधल्या कँटन बंदराला धाडले, चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन गावच्या भट्ट्यांतून आलेल्या पांढऱ्या भांड्यांवर तिथल्या कारागिरांनी ते रंगवले आणि साधारण दोन वर्षांनी भलामोठा संच घरी पोचला. वारसांनी तो लिलावात काढला असेल, तर त्यांच्या पूर्वजांचा अभिमान वाया जाऊ देणे बरे नव्हे.

निर्दोष ताटाच्या मागे लागू नये. चुकलेले ताट शोधावे. ढालीवरचे रंग काळ्या छपाईत दाखवण्यासाठी युरोपात ठरावीक रेघा मारण्याची पद्धत होती. ग्राहकाने पुस्तकात मालकाची खूण म्हणून चिकटवायची, कुलचिन्ह छापलेली पट्टी नमुना म्हणून पाठवली, की कारागीर रंगाऐवजी त्या रेघाच इमानेइतबारे उतरवी. कधी तर म्हणे नमुन्यावर लिहिलेली रंगांची नावेच ताटावर आली. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याचे राजचिन्ह एका चिनी सुरईवर उलटे रंगले. राजाची ही गत, तर जमीनदारांनी कुरकुर कशाला करावी?

अशा कुलचिन्हांकित चिनी भांड्यांवरच्या डेव्हिड सँक्च्युअरी हॉवर्ड यांच्या ग्रंथाचे १९७४ आणि २००३ चे दोन्ही जाडजूड खंड दिवाणखान्यात दिसतील असे ठेवावेत. ढाल कोणाची आणि ताट साधारण कोणत्या सालचे, हे त्यांत सापडते. मात्र ते उघडलेच पाहिजेत असे नाही. काठावर लंडन आणि कँटनची दृश्ये असलेले इंग्लंडमधल्या कॉटनच्या ली घराण्याचे नामांकित ताट स्वस्तात मिळाले, तर विक्रेत्यापेक्षा स्वतःवर अधिक संशय घ्यावा. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात अशा भांड्यांच्या उत्तम नकला केल्या. आपल्या पदरात तीच पडली असे कळल्यास “आता सॅमसनही जुनाच झाला” असे शांतपणे म्हणावे. ते खरेही आहे.

या ताटात जेवू मात्र नये. चकाकीवर दिलेले रंग आणि सोनेरी कड सुरी-काट्यांनी झिजते आणि पुढे किंमत पडते. आमटी-भात स्टीलच्या ताटात घ्यावा आणि भिंतीवर टांगलेल्या ताटातल्या सिंहांकडे पाहत जेवावा. पाहुण्याने “तुमच्याच घराण्याचे का हो हे?” असे विचारलेच, तर पावती कपाटात असल्याने होकार देण्यास हरकत नाही.