‘प्रयोगशाळेची पायरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बुरशीतून मिळणाऱ्या रसायनांवरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आपण चार वाक्यं लिहिलीत. रॅपामायसिन हे औषध बुरशीचं नाही; बशीत पेशी मरणं म्हणजे औषध नव्हे, त्या फिनाईलनेही मरतात; एका तरी रुग्णाला गुण आला का ते सांगा; आणि ‘लेखकाने प्रयोगशाळेची पायरी चढलेली दिसत नाही.’

पहिलं मान्य. रॅपामायसिन देणारा स्ट्रेप्टोमायसीस हा बॅक्टेरिया, तोही ईस्टर बेटाच्या मातीतला. धागे काढून वाढतो म्हणून पूर्वी या गटाला किरण-बुरशी म्हणत, पण चूक ती चूकच.

आता ती पायरी. चूक दाखवायला कोणाची ना नाही, पण माणसाची सगळी मेहनत एका वाक्यात पुसायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अकरा वर्षं मी मानेवाड्याहून सायकलने लॅबला गेलो आहे, मे महिन्यातसुद्धा. नागपूरचा मे आपल्याला ठाऊक असेल, नसेल तर एकदा येऊन बघा. दुपारी लाईट गेली की उणे 20 अंशांच्या फ्रिजमधल्या व्हायल बर्फात खुपसून आम्ही जनरेटर असलेल्या शेजारच्या विभागाकडे पळायचो. त्यात ब्रेफेल्डिन-एची एक असायची. पेनिसिलियमच्या बुरशीतून मिळणारी पांढरी पूड, 5 मिलिग्रॅम, तळाशी दिसेल न दिसेल इतकी. ती सांडली असती तर सहा महिन्यांचं काम गेलं असतं.

त्या पुडीने काय होतं ते मी वाचून नाही, बघून लिहिलं. अंधाऱ्या खोलीत, मायक्रोस्कोपखाली गॉल्गी (प्रथिनं पुढे पाठवणारा पेशीचा भाग) केंद्रकाला चिकटून चंद्रकोरीसारखी चमकत असते. ब्रेफेल्डिन टाकलं की काही मिनिटांत कोर विस्कटते आणि चमक पेशीभर पसरते. धुऊन काढलं की कोर पुन्हा जुळते! पहिल्यांदा ती जुळताना पाहिली तेव्हा मी जेवणाचा डबा विसरलो होतो. फिनाईल पेशीला तिची कोर अशी परत देतं का हो? ब्रेफेल्डिन प्रथिनांच्या वाहतुकीचा एक ठरावीक टप्पा अडवतं, म्हणूनच संशोधक ते हत्यार म्हणून वापरतात. बुरशीची पेशी आणि आपली पेशी, दोन्हींत केंद्रक असतं, ही वाहतूकही असते. त्यामुळे एकाच रेणूत बुरशीविरोधी आणि कर्करोगविरोधी गुण सापडणं यात नवल नाही, आणि तेच रसायन निरोगी पेशीलाही सोडत नाही. हे लेखात होतं. आपण तिथपर्यंत वाचलंच नसावं.

रुग्णाचं म्हणाल तर तो लेखाचा विषयच नव्हता. ‘प्रयोगशाळेतल्या वापरासाठी’ हे शब्द पहिल्याच ओळीत आहेत.

रॅपामायसिनचं वाक्य मी आज दुरुस्त केलं. आपली प्रतिक्रिया काढणार नाही. पायरीचं वाक्य तेवढं आपण मागे घ्या.