लाईट रातनी शे का दिननी?

दोन दिवस माहेरी आलेय. आज झेंडावंदनानंतर शाळेत पोरांचा कार्यक्रम होता. नानाला, माझ्या मोठ्या भावाला, 'माजी सैनिक' म्हणून पहिल्या रांगेत बसवलं, शाल-नारळ दिलं. आणि लावलं काय? तेच, 'संदेसे आते हैं'! चौथीतली पोरं पुठ्ठ्याच्या बंदुका खांद्याला लावून चिठ्ठ्या वाचतायत, डोळे पुसतायत. सर माईक घेऊन थेट नानापुढे. "नाना, डोळ्यात पाणी आलं ना?"

नाना म्हणाला, "सर, पाणी गव्हाला भरायचंय, लाईट अकराला जाते." आणि उठून गेला.

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं.

२००२ साल. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम', म्हणजे सीमेवर फौजेची जमवाजमव, सुरू झालेलं, नानाची पलटण राजस्थानच्या वाळूत. लढाई नाही, पण रजा बंद. कधीतरी शेजारच्यांकडे फोन यायचा, माय पदर खोचून पळायची. पठ्ठ्या विचारणार एकच, शेतातल्या मोटारीला पाळीनं मिळणाऱ्या लाईटचं, "लाईट कव्हयनी शे? रातनी का दिननी?" माय चिडायची, "आठवन येस म्हनाले तोंड दुखस का याले?"

गाण्यातला फौजी असा नसतो ना! त्याला आई, प्रेयसी, गावचा पिंपळ सगळं एका दमात आठवतं. लोंगेवालाची लढाई १९७१ची, तिच्यावरचा, या गाण्याचा सिनेमा 'बॉर्डर' १९९७चा. सव्वीस वर्षांनी एसीत बसून रडायला काय जातं? 'हकीकत' सिनेमा निदान १९६४चा, चीनच्या लढाईची बासष्टची जखम ओली होती तेव्हा. बरं, मान्य, बराकीतही हीच गाणी वाजतात, नानाही गुणगुणतो. पण रडून झालं की आपण काय करतो? रजेवर आलेल्याला विचारतो, "कॅन्टीनची बाटली आणली का?" एवढ्यावर आपलं देशप्रेम संपतं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आम्ही पोरी झोक्यावर बसून सासरचं सगळं उणंदुणं गातो, आमच्याच तोंडानं. नानाची गाणी मुंबईत कोणीतरी लिहिली.

तो फोन डोक्यातून जात नाही. निवृत्त होऊन आल्यावर एकदा मीच विचारलं होतं, लाईटचं काय रे एवढं? चहा फुंकत म्हणाला, "रातची पाळी असली की आबा बॅटरी घेऊन एकटेच बारे देत ना. मी पण तिकडे पहाऱ्यावर एकटाच. सोबत व्हायची."

बस्स, एवढंच. पुढे बोललाच नाही.

गल्लीतला एक पोरगा आज रजा संपवून चाळीसगावहून झेलम एक्सप्रेस पकडतोय. स्टेशनवर मोबाईलवर ते गाणं लावू नका रे. त्याच्या बापाचं वावर आमच्या बांधाला लागूनच आहे. पुढच्या आठवड्यात लाईट रातची आहे, तेवढं सांगा त्याला.