गावी गेल्यावर आजारी कसे पडावे

गणेशोत्सवासाठी कोकणात गेलेला आणि तेथे तापाने फणफणलेला मुंबईचा सरकारी कर्मचारी हा राज्याच्या प्रशासनातला सर्वांत संशयास्पद माणूस असतो. त्याचा ताप खरा असू शकतो, हे तत्त्वतः सर्वांनाच मान्य असते. परंतु रजा व सेवेच्या नोंदी पाहणाऱ्या आस्थापना शाखेला ताप किती होता यापेक्षा तो कोठे आला याचे अगत्य अधिक असते, आणि हा ताप तर मुख्यालयापासून, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणापासून, साडेचारशे किलोमीटरवर, नेमका सुट्टीला जोडून आलेला असतो. म्हणूनच ज्या चाकरमान्यांचा यंदा गावी जाऊन आजारी पडण्याचा विचार असेल, त्यांनी रेल्वेचे आरक्षण उघडते त्याच दिवसापासून आजारपणाचीही तयारी सुरू करावी.

आरंभ रजेच्या अर्जापासून करावा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला वर्षाकाठी ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. २९ फेब्रुवारी २०२० पासून आठवडा पाच दिवसांचा झाल्यामुळे, चतुर्थी बरी पडली तर शनिवार-रविवार धरून दोन दिवसांच्या रजेत पाच दिवसांचा गणपती आटोपता येतो. या अर्जाच्या शेवटी ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी असावी’ हे वाक्य लिहिण्यास विसरू नये. ते राहून गेले, तर कणकवलीच्या डॉक्टरांनी दिलेले प्रमाणपत्र हा तुमच्या आजाराचा पुरावा न राहता तुम्ही विनापरवानगी कणकवलीत होता याचा, तुम्हीच सही करून आणून दिलेला, कबुलीजबाब ठरतो. परवानगी घेतलेली असली तरी ती मंजूर रजेच्या अखेरच्या दिवसापर्यंतच असते. त्यापुढे तुम्ही अंथरुणाला खिळलेले असलात तरी मुख्यालयाच्या दृष्टीने ते अंथरूण चुकीच्या जिल्ह्यात घातलेले आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. नैमित्तिक रजा इतर कोणत्याही रजेला जोडून घेता येत नाही. विसर्जनाच्या रात्री तुम्हाला थंडी वाजून आली आणि पुढील आठवडा वैद्यकीय कारणास्तव काढावा लागला, तर आधीची ती दोन दिवसांची निरुपद्रवी रजाही रद्द होते आणि सगळाच काळ अर्जित, अर्धवेतनी किंवा परिवर्तित रजेत बसवावा लागतो. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते; ती पूर्ण पगारावर, म्हणजे परिवर्तित करून घ्यायची असेल तर आजाराच्या एका दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. या गणिताचा विचार करता, रविवारी रात्री कितीही थंडी वाजत असली तरी दातावर दात दाबून गाडीत बसावे, सोमवारी हजेरीपत्रकावर सही करावी आणि मगच, शक्यतो वरिष्ठांच्या समक्ष, कोसळावे. मुख्यालयात आलेल्या तापाची प्रतिष्ठाच वेगळी असते.

हे न जमल्यास डॉक्टर शोधणे आले. तुम्हाला हलता येत नाही असे लिहून देणारा कागद मिळवण्यासाठी तुम्हाला बरेच हलावे लागते, आणि यात ज्यांना विसंगती दिसते त्यांना प्रशासन कळलेले नाही. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा मापदंड आहे. या हिशेबाने पाहता तुमच्या वाडीपासून ते केंद्र दोन चढ, एक साकव आणि एस.टी.च्या एका फेरीइतके दूर असणे स्वाभाविकच आहे. उपचारांची चिंता करू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सर्व सेवा निःशुल्क आहेत. खर्च होतो तो रिक्षाचा. केंद्रात पोहोचल्यावर असे समजण्याची शक्यता आहे की वैद्यकीय अधिकारीही माणूसच असून त्यांच्याही घरी गौरी-गणपती येतात. परिचारिका तुमचा ताप मोजतील, गोळ्या देतील, भातशेतीच्या चिखलातून अनवाणी चालला होता का असे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाच्या) शंकेने विचारतील आणि अत्यंत आपुलकीने सांगतील की प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार त्यांना नाही. गोळ्यांनी ताप उतरेल. प्रमाणपत्रासाठी मात्र उद्या पुन्हा यावे लागेल, आणि तोपर्यंत ताप टिकवून ठेवण्याची जबाबदारी तुमची.

कारण डॉक्टर ज्या दिवशी तपासतात त्या दिवशीचेच लिहितात. आजारी माणसाला ही गोष्ट फार उशिरा कळते. सामान्यतः माणूस पहिल्या दिवशी सुंठ घालून काढा घेतो, दुसऱ्या दिवशी घरातल्या जुन्या गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत वाचतो आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जातो. सचोटीचे डॉक्टर मागील तारीख घालण्यास नकार देतात, आणि त्यांचे अगदी बरोबर आहे. कार्यालय त्या पहिल्या दोन दिवसांना अनधिकृत गैरहजेरी म्हणते, आणि नियमाचा कागद समोर धरला तर त्यांचेही बरोबर आहे. चुकले कोण, तर ताप येण्यापूर्वीच डॉक्टरांकडे न गेलेला रुग्ण. यापुढे अंगात कसर वाटताच, किंवा खबरदारी म्हणून कसर वाटण्याच्या आदल्या दिवशी, तपासून घेत जावे.

आजाराची निवड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. साधा ताप लिहून आणू नये. साध्या तापात कामावर येणारी माणसे प्रत्येक कार्यालयात असतात आणि तुमच्या अर्जावर टिपणी नेमकी तीच लिहितात. कंबरदुखी ही दुखण्यात श्रेष्ठ असली तरी पुराव्यात कनिष्ठ आहे, कारण तिला तापमापक लागत नाही. जुलाबांना एक प्रकारचे संरक्षण आहे, खोलात जाऊन चौकशी करावी असे कोणालाच वाटत नाही. परंतु सणाच्या दिवसांत जुलाब लिहून आणले की मोदकांची संख्या विचारणारा विनोदी सहकारी पुढील गणपतीपर्यंत पाठ सोडत नाही. टायफॉइड आदरणीय आहे, मात्र तो निदान दोन आठवडे चालवावा लागतो आणि तेवढी अर्धवेतनी रजा शिल्लक असावी लागते. आजार नेहमी शिल्लक रजेच्या बेताने निवडावा.

आता प्रत्यक्ष कागद. विहित नमुन्यात सर्वांत वर कर्मचाऱ्याची सही असते आणि तिच्याखाली डॉक्टर असे प्रमाणित करतात की वर सही करणाऱ्या व्यक्तीची त्यांनी स्वतः काळजीपूर्वक तपासणी केली असून प्रकृती पूर्ववत होण्यासाठी तिने अमुक दिवस कर्तव्यापासून दूर राहणे नितांत आवश्यक आहे. हा कोरा नमुना प्रवासात जवळ बाळगावा. टूथब्रश विसरला तरी चालेल, तो गावात मिळतो. सही करताना हुडहुडी आवरावी, कारण ती सही सेवापुस्तकातल्या सहीशी जुळली पाहिजे आणि ती तुम्ही नोकरीला लागताना, धडधाकट असताना, केलेली आहे. याखेरीज डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे विनियम असे सांगतात की प्रमाणपत्रावर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक ओळखीची खूण नोंदवावी, प्रत ठेवावी आणि दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी. तेव्हा डॉक्टरांनी नाडी सोडून तुमच्या हनुवटीखालचा तीळ शोधण्यास सुरुवात केली तर गैरसमज करून घेऊ नये. ज्यांच्या अंगावर दर्शनी भागात तीळ किंवा व्रण नाही, त्यांनी परगावी आजारी पडण्याचे साहसच करू नये.

सरकारी डॉक्टर न भेटल्यास बाजारपेठेतल्या खासगी दवाखान्यात जाता येते. तेथे बहुधा आयुर्वेदाचे पदवीधर असतात. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली ते रीतसर नोंदणीकृत असतात, आणि अख्खी पंचक्रोशी त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून त्यांच्याकडे जाते; परंतु तुमच्या शाखेतील लिपिक शिक्क्यावरील पदवीची अक्षरे बोटाने मोजतो आणि ‘हे चालेल का, विचारून घ्या’ असा शेरा मारतो. कोणाला विचारायचे हे तो लिहीत नाही. तुमची फाइल या एका वाक्यावर पितृपक्ष संपेपर्यंत बसून राहू शकते. प्रमाणपत्रावर शिक्का आणि नोंदणी क्रमांक असतोच, फक्त शाई एवढी पुसट असते की तो क्रमांक श्रद्धेने वाचावा लागतो. म्हणून नव्या शाईची डबी सोबत न्यावी आणि ती दवाखान्याला भेट म्हणून द्यावी.

दरम्यान कार्यालयाला कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. पूर्वी तार करत असत. हल्ली सलाईन लावलेल्या हाताचे छायाचित्र कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी मागे काय दिसते ते नीट पाहावे. सलाईनची बाटली घरातल्याच खुंटीला टांगली असेल आणि तिच्यामागे गणपतीवर टांगलेली लाकडी चौकट, म्हणजे माटवी, काकड्या-नारळांसकट स्पष्ट दिसत असेल, तर शंभर सहकारी ‘लवकर बरे व्हा’ लिहितील आणि त्यातले नव्वद ते चित्र मोठे करून बघतील.

कारखान्यात किंवा लहान आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या वाचकांचे मार्गदर्शन राहून जाऊ नये. कर्मचारी राज्य विमा योजनेतून त्यांना अंशदानाच्या अटी पूर्ण केल्यावर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ही तरतूद खरोखर चांगली आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. एवढेच की प्रमाणपत्र विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचे लागते, त्याचा दवाखाना भांडुपला असतो आणि रुग्ण देवगडला. गावच्या डॉक्टरांचा कागद पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारता येतो. स्वीकारता येणे आणि स्वीकारला जाणे यांमधील अंतर कोकण रेल्वेने तोडता येत नाही.

काही विघ्नसंतोषी लोक या ठिकाणी ब्रिटनचे उदाहरण देतात. तेथे आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरांचा कागद मागत नाहीत, कर्मचाऱ्याचा स्वतःचा शब्द पुरतो. त्यापुढे लागणाऱ्या कागदातही २०१० पासून डॉक्टर, माणूस थोडे हलके काम करू शकेल का, हेही लिहू शकतात. हाच तो देश, ज्याच्या राजवटीने १ जानेवारी १९२२ पासून सरकारी नोकरांसाठी ‘मूलभूत नियम’ लागू करून आपल्याला रजा, प्रमाणपत्र आणि संशय यांची शिस्त लावून दिली. शिकवणारेच असे ढिले पडल्यावर ती परंपरा जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ च्या आधारे आपण ती समर्थपणे पेलत आहोत. या नियमांचा गाभाच असा आहे की रजा हा हक्क नाही. प्रमाणपत्र जोडले म्हणजे रजा मिळाली असेही नाही. सक्षम प्राधिकाऱ्याला शंका आल्यास तो जिल्हा शल्य चिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचे दुसरे मत मागवू शकतो. आता पत्र टंकलिखित होऊन, सहीला जाऊन, जावक क्रमांक घेऊन पोहोचेपर्यंत कोणताही जंतू शरीरात थांबत नाही. तुम्ही खणखणीत प्रकृतीने शल्य चिकित्सकांसमोर उभे राहता, ते तुम्हाला निरोगी ठरवतात आणि मूळ शंका सिद्ध होते.

येथे एका यशस्वी वर्गाचा उल्लेख करणे भाग आहे. हा वर्ग आजारी पडत नाही. त्याचे प्रमाणपत्र घराशेजारच्या, वीस वर्षांच्या परिचयातल्या दवाखान्यातून येते. ते विहित नमुन्यात, सुवाच्य, गोल शिक्क्यासह असते, रजेचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस दोन्ही कामाच्या दिवसांना नेमके भिडलेले असतात आणि मालवणच्या किनाऱ्यावर ज्या दिवशी हा रुग्ण पोहत होता त्या दिवशी तो दादरला पूर्ण विश्रांती घेत असल्याचे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. खोटे प्रमाणपत्र देणे आणि वापरणे हा फौजदारी गुन्हा आहे. ही भीती असल्यामुळेच गावचे डॉक्टर अनोळखी तापलेल्या माणसाला कागद देताना दहादा विचार करतात. घराशेजारचे डॉक्टर विचार करत नाहीत, ते पेशंटला ओळखतात. या वर्गाच्या अर्जावर आजवर कोणत्याही लिपिकाने शेरा मारलेला नाही, कारण शेरा मारण्याजोगा दोष खऱ्या आजाऱ्याच्या कागदातच सापडतो.

समजा, एवढे सगळे होऊन तुम्ही बरे झालात. लगेच कामावर येऊ नये. वैद्यकीय कारणासाठी रजा घेतलेल्या कर्मचाऱ्याला तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दाखल केल्याशिवाय रुजू होता येत नाही. हे प्रमाणपत्र कोणी द्यावे? ज्यांनी तुम्हाला आजारी पाहिले ते डॉक्टर तिकडे राहिले; मुंबईतले डॉक्टर म्हणतात, मी तुम्हाला आजारी पाहिलेलेच नाही, तर बरे कसे म्हणू. अनुभवी माणसे यावर एकच उपाय करतात आणि आजारपणाचा कागद घेतानाच, त्याच बैठकीत, बरे झाल्याचा कागदही पुढची तारीख घालून मागतात. सचोटीचे डॉक्टर हेही नाकारतात. मग साडेचारशे किलोमीटर परत जावे, तंदुरुस्त असल्याचे लिहून आणावे आणि या परतीच्या प्रवासासाठी वेगळी नैमित्तिक रजा टाकावी. शिल्लक असल्यास, आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह.

सर्व कागदांच्या तीन छायांकित प्रती काढून एक घरी, एक गावी आणि एक विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. मूळ प्रत आस्थापना शाखेत जाईल, रजा मंजुरीचा आदेश निघेल आणि तो सेवापुस्तकात नोंदवण्याचे राहून जाईल. निवृत्तीच्या सुमारास सेवेची पडताळणी होते, तेव्हा ते आठ दिवस रिकामे आढळतील आणि निवृत्तिवेतनाच्या प्रकरणावर त्रुटीचा शेरा येईल. त्या वेळी ओळखीची खूण पुन्हा तपासली जाण्याची शक्यता असल्याने तोपर्यंत हनुवटीखालचा तीळ कोणत्याही परिस्थितीत काढून घेऊ नये.