कार्टून सोवळं कसं करावं

मांजराच्या तोंडात सुरुंग फुटला की तुमच्या पोटात गोळा येतो? मग कात्री उचला. वाट अमेरिकेतल्या थोरांनी आधीच घालून ठेवली आहे.

श्रीगणेशा गाईपासून करावा. १९३१ च्या सुमारास मिकी माऊसच्या पडद्यावरच्या गाईची कास लोकांच्या डोळ्यांत खुपली, तेव्हा गाईला परकर नेसवण्यात आला. गाय दोन पायांवर नाचते, याला कुणाची हरकत नव्हती.

हात बसला की बाईकडे वळा. १९३४ च्या जुलैपासून हेज कोडची, म्हणजे अमेरिकन चित्रपटांच्या सभ्यतेच्या नियमावलीची, अंमलबजावणी कडक झाली आणि बेटी बूप या नखरेल कार्टून-नायिकेचा झगा खाली आला, गळा वर गेला, मांडीवरचा गार्टर (मोजा धरून ठेवणारा पट्टा) गायब झाला. मनोरंजनात खंड नको म्हणून तिला पजी नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणि खटपट्या ग्रँपी जोडून दिले. १९३९ मध्ये मालिकाच संपली. तक्रारीला जागाच उरली नाही, याला म्हणतात रामबाण.

पाखरांनाही सोडू नका. १९४२ चा पहिला ट्वीटी, म्हणजे मांजरांना चकवणारं कार्टूनमधलं पिल्लू, गुलाबी आणि बिनपिसांचा, म्हणजे उघडानागडा होता. पुढे त्याला पिवळी पिसं चढवली. गंमत म्हणजे त्याच पहिल्या चित्रपटात एक मांजर पडद्यातून सरळ सांगतं की हेज ऑफिसने (म्हणजे ती नियमावली राबवणाऱ्या कचेरीने) परवानगी दिली असती, तर जोडीदाराला ‘बर्ड’ दाखवलाच असता. हा ‘बर्ड’ म्हणजे पक्षीही आणि एक असभ्य खूणही. तुमच्या नावानेच टोला मारला तर तो बेलाशक जाऊ द्यावा. आपल्याला कळलं नाही असं दिसणं हीसुद्धा एक प्रतिष्ठा आहे. आणि लक्षात ठेवा, काही बेरकी दिग्दर्शक एखादं अती वाह्यात दृश्य मुद्दाम पेरतात. ते तुम्ही अभिमानाने कापावं आणि शेजारचं सुखरूप सुटावं, एवढाच त्यांचा हेतू. त्यांना निराश करू नका.

आता खरं कसब. गॅगचे, म्हणजे पडद्यावरच्या विनोदी प्रसंगाचे, तीन तुकडे असतात: चाहूल, दणका, परिणाम. नवशिके परिणाम कापतात. तुम्ही दणकाच उडवा. ‘रॅबिट फायर’ (१९५१) घ्या. शिकारी एल्मरची बंदूक डॅफी बदकाच्या तोंडावर फुटते आणि चोच फिरून भलतीकडेच जाते. बार कापला की बदक नुसतं बोलत उभं आहे आणि पुढच्याच क्षणी चोच जागेवर नाही. मुलांना वाटेल, बदकांना हा एखादा आजार होतो. शनिवारी सकाळी कार्टून दाखवणाऱ्या अमेरिकन वाहिन्यांनी असे प्रयोग भरपूर केले.

रोडरनर पक्ष्यामागे धावताना कड्यावरून कोसळणाऱ्या कायोटीबाबत (हा लांडग्यासारखा प्राणी) हिशेब चोख ठेवा. सेकंदाला २४ फ्रेम. त्याचा दिग्दर्शक चक जोन्स याच्या मोजमापाप्रमाणे तो ठिपका होऊन नाहीसा व्हायला १८ फ्रेम लागतात आणि आणखी १४ फ्रेमनी खाली धूळ उडते. हशा त्या १४ फ्रेमच्या शांततेत पिकतो. धूळ कापलीत तर कायोटी पडतो तो पडतोच, आणि लगेच ॲक्मे कंपनीच्या यंत्रांची नवी पेटी उघडताना दिसतो. कड्यावरून उडी मारली की काहीच होत नाही, ही शिकवण तुमच्या खात्यात जमा. संगीत चित्राशी फ्रेमनुसार बांधलेलं असल्यामुळे व्हायोलिनलाही उचकी लागेल. लागू द्या.

एवढे कष्ट नको असतील तर १९७५ ची युक्ती आहे: टॉम आणि जेरी यांची दोस्ती लावून द्या. जेरीच्या गळ्यात लाल बो बांधा आणि दोघांना शेजारी शेजारी चालवा. पाठलाग नाही, म्हणून दणका नाही, म्हणून कापायलाही काही नाही. बघायलाही नाही, पण तो तुमचा विभाग नव्हे.

शेवटी धूर राहिला. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रेक्षकाच्या तक्रारीवरून टॉमच्या सिगारेटवर गदा आली. ‘टेक्सास टॉम’मध्ये तो मांजरीवर छाप पाडायला सिगारेट वळतो आणि धुराने अक्षरं काढतो. ते जायलाच हवं होतं, मुलं बिघडली असती. गरम इस्त्री, कुऱ्हाड आणि सुरुंग यांबद्दल कुणाची तक्रार आली नव्हती.