सेल नसलेलं घड्याळ

काल मेन रोडवर एका घड्याळवाल्याच्या दुकानात माझी जी काय शोभा झाली ती अजून घशाखाली उतरत नाहीये, म्हणून लिहून टाकतो.

आधीचं थोडक्यात. मला सीको या जपानी कंपनीचं सार्ब ०३३ हे घड्याळ हवं होतं. काळी डायल, ३८ मिलिमीटर, २००८ ला आलं, २०१८ ला कंपनीने बंद केलं आणि बंद केल्या दिवसापासून जगातल्या समस्त रिकामटेकड्यांना तेच पाहिजे. सात महिने शोधून जपानमधला एक विक्रेता सापडला. भलता सज्जन माणूस. घड्याळ वापरलेलं, फोटो एकोणीस, त्यातले अकरा एकाच ओरखड्याचे, जो मला अजूनही दिसलेला नाही. मी त्याला हळूच विचारलं, पार्सलवर 'गिफ्ट' लिहाल का? उत्तर आलं, आपली अडचण समजते, आम्ही मनापासून दिलगीर आहोत, पण खरी किंमतच लिहावी लागेल. तीन वेळा माफी मागून माणसाने मला चोर ठरवलं.

टोकियो ते मुंबई दोन दिवस. मुंबई ते नाशिक सोळा. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या आमच्याच हायवेने कसारा घाट चढून येतात, त्यातल्या एखाद्या भक्ताच्या पिशवीत टाकलं असतं तर मी घोटीला जाऊन घेऊन आलो असतो, वर दर्शनाला पण गेलो असतो. आधार पाठवा, पॅन पाठवा, परत आधार पाठवा, पहिलं नीट दिसत नाहीये. आणि कस्टमची ड्युटी! किमतीवर ड्युटी, टपालखर्च पण किमतीत धरून त्याच्यावर ड्युटी, त्या ड्युटीवर सरचार्ज, मग सगळ्याच्या बेरजेवर जीएसटी. अहो, घड्याळ जुनंय, दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचं आहे, जरा तरी दया? एकूण आकडा इथे लिहीत नाही. बायको वाचते.

तर घड्याळ आलं आणि मनगटात बांगडीसारखं फिरायला लागलं. चेनच्या चार कड्या काढायच्या होत्या. यूट्यूब बघून घरीच सुरुवात केली, पण या चेनमध्ये नुसती पिन नसते, पिनेवर तांदळाच्या कणीपेक्षा लहान अशी एक नळी असते, ती उडाली ती थेट सोफ्याखाली. अर्धा तास मोबाइलचा टॉर्च लावून पालथा पडलो तेव्हा सापडली. म्हणून मेन रोड. त्यात सगळीकडे खोदून ठेवलंय, सिंहस्थ २०२७ ला आणि धूळ आत्तापासून, स्कूटर पार अशोक स्तंभापाशी लावून चालत गेलो.

दुकानात बाकड्यावर एक नाना बसले होते. मखमलाबादकडचे, द्राक्षवाले, मांडीवर पतसंस्थेने वाटलेलं गणपतीचं भिंतीवरचं घड्याळ. सेल बदलायला आलेले. दुकानदाराने माझं घड्याळ ट्रेमध्ये ठेवलं तसं नानांनी न विचारता उचललं.

"केवढ्याला?"

"अडीच हजार," मी म्हणालो. आयुष्यात इतकं पटकन खोटं बोललो नसेन.

"अडीच!" नानांनी दुकानदाराकडे बघितलं. मग घड्याळ कानाशी नेऊन हलवलं. परत हलवलं. "भाऊ, आत काहीतरी सुटलंय. खुळखुळतंय."

"ते तसंच असतं काका. आत लोलक आहे, हात हलला की तो फिरतो, त्याच्यावर चालतं. सेल नाही त्याच्यात."

"सेल नाही?"

"नाही."

"सेल दिलाच नाही त्यांनी?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही, मी ते उलटं करून मागची काच दाखवली, आतला अर्धगोल पत्रा फिरतो तो दाखवला. नानांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या, पट्टा बदलायला आलेल्या पोराला बोलावलं. "बघ रे, पत्रा सुटलेला काचेतून दिसतोय, अन् यांना सांगितलं असंच असतं."

"रात्री काढून ठेवलं तर?" पोराने विचारलं.

"पन्नास तास चालतं."

"अन् मग?"

"मग थांबतं. परत हलवायचं, वेळ लावायची."

नाना हिशोब करत होते. "म्हणजे माणूस गेला, की दोन दिवसांनी घड्याळ पण गेलं. सावडायच्या आतच." पोरगं हसलं. दुकानदार भिंग लावून पिन ठोकत होता, त्याचे खांदे हलताना मला स्पष्ट दिसले. या माणसाला ऑटोमॅटिक घड्याळ काय असतं ते चांगलं माहितीये, त्याच्या काचेखाली तीन पडलेली होती! एक शब्द बोलला नाही.

"कुणाकडून घेतलं?"

"जपानमधून. ऑनलाइन."

"पैसे आधी दिले?"

"हो."

नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "भाऊ, मी दोनदा बुडालोय. २०१० ला द्राक्षात सीसीसी औषधाचा अंश निघाला म्हणून युरोपात माल अडकला, तो एकदा. मग एक व्यापारी आला, गोड बोलायचा, दोन गाड्या भरून नेल्या, फोन बंद. लय गोड बोलणाऱ्याचा मला आता वास येतो. तुमचा गोड बोलत होता का?"

तीन वेळा माफी मागितलेली आठवली. मी काहीच बोललो नाही.

"बघा," नाना पोराला म्हणाले.

खरं सांगायचं तर राग नानांचा आलाच नाही. त्यांचे पैसे खरंच बुडाले होते, माझे मी हौसेने दिले होते. राग याचा, की हे घड्याळ मला का हवं होतं ते त्या बाकड्यावर बसून मला मराठीत सांगता येईना. सात महिने मी स्वतःला जी कारणं सांगत होतो, सफायरची काच काय, डायलची चमक काय, त्यातलं एकही नानांसमोर तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. त्यात एक नळी दुकानदाराच्या हातून पण उडाली आणि आम्ही चौघं खाली वाकून शोधत बसलो. सापडली नानांना. "हे पण सुटलं होतं का?" म्हणाले.

कड्यांचे दोनशे रुपये घेतले. एरवी शंभर घेतो, पाटीवर लिहिलंय, पण "फॉरेनचं आहे ना साहेब." अडीच हजारांचं सांगून बसलो होतो, घासाघीस तरी कुठल्या तोंडाने करणार.

मग त्याने नानांच्या गणपतीत वीस रुपयांचा सेल टाकला, काटा टकटक करायला लागला. मागचं चाक धरून त्याने माझ्या मनगटाकडे बघितलं. "नाना, साहेबांच्या घड्याळावर लावू का टाइम?"

"नको नको, मोबाइलवर लाव," नाना म्हणाले. "त्याच्यात सेल नाहीये."