तीन निऑन आणि एक बाउल: तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सध्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. थोडक्यात असा, की निऑन टेट्रा एवढासा मासा, त्याला मोठा टँक कशाला, टेबलावर काचेचा बाउल ठेवा, दोन-तीन निऑन सोडा, फिल्टर लागत नाही, चार दिवसांनी सगळं पाणी ओतून ताजं भरा, चिमूटभर खडेमीठ टाका म्हणजे रोग येत नाही, आणि तरी मेलाच तर घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं समजा. वाचायला सोपं आहे म्हणून पसरतंय. आता एकेक घेऊ.

"मासा छोटा, म्हणून पाणी थोडं चालतं." साफ उलटं. पूर्ण वाढलेला निऑन तीन-साडेतीन सेंटीमीटरचा असतो हे खरंय, पण प्रश्न त्याच्या लांबीचा नाहीच, पाणी किती लवकर बिघडतं त्याचा आहे. माशाच्या कल्ल्यांतून विषारी अमोनिया बाहेर पडतो, न खाल्लेले फ्लेक्स (माशांचं खाणं) कुजून अजून वाढतो, आणि चार-पाच लिटरच्या बाउलमध्ये तो विरळ व्हायला पाणी आहे कुठे? उन्हाळ्यात दुपारी तो बाउल तापतो पण पटकन. २ बाय १ बाय १ फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं, तिथे एखाद दिवशी खाणं जास्त पडलं तरी निभावतं. म्हणजे नवशिक्याने तर मोठाच टँक घ्यावा.

"दोन-तीन पुरे." हा थव्याने राहणारा मासा आहे हो, मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला, झाडांच्या सावलीतल्या काळसर ओढ्यांतला. एकटादुकटा पडला की कोपऱ्यात दबून बसतो, रंग उतरतो, खायला पुढे येत नाही. कमीत कमी ६, जमलं तर १० ठेवा, मग बघा कसे मोकळे फिरतात. जागा नसेल तर बाकीच्या जाती कमी करा, निऑन नाही. आणि दुकानातलं गोंडस एंजल माशाचं पिल्लू सोबत आणू नका, मोठं झालं की तेच निऑन गिळतं.

"फिल्टर लागत नाही, सगळं पाणी बदललं की झालं." इथे मेसेज सगळ्यात जास्त घोळ घालतो. फिल्टर म्हणजे नुसती कचरा गाळायची चाळणी नाही. त्याच्या स्पंजवर बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानाने बरंच कमी विषारी. ही वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, टँक आणला त्याच संध्याकाळी मासे सोडले की पहिल्या पंधरवड्यात का मरतात ते आता कळलं असेल. तुम्ही चार दिवसांनी सगळं उपसून खडी, काच घासूनपुसून धुतलीत तर जे थोडेफार बॅक्टेरिया बसले तेही गेले. वर नळाच्या पाण्यात क्लोरीन, ते बॅक्टेरियालाही मारतं आणि कल्लेही भाजतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं पण ते बऱ्याचदा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, एकदम सगळं बदललं की माशाला झटका बसतो. साधा स्पंज फिल्टर आणि एअरपंप लावा, आठवड्याला पाव टँक पाणी बदला, नव्या पाण्यात दुकानात मिळतं ते अँटीक्लोरीन घाला, आणि स्पंज नळाखाली नाही तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा.

सकाळी लाइट लावल्या लावल्या निळा पट्टा फिका दिसला म्हणून घाबरून पाणी बदलणारे पण आहेत. अंधारात निऑनचा रंग बदलतोच, थोड्या वेळाने परत येतो. दिवसभर फिकाच राहिला तर मात्र लक्ष द्या.

"खडेमीठ टाकलं की रोग नाही." निऑन मऊ, मीठ-क्षार जवळपास नसलेल्या पाण्यातला मासा. काही आजारांत मीठ चालतं, पण औषध म्हणून, मोजून, ठरावीक दिवस. रोज चिमूट टाकायला ती काय आमटी आहे? आणि ज्याला निऑन टेट्रा डिसीज म्हणतात तो स्नायूंत वाढणाऱ्या परजीवीमुळे होतो, त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही, मिठाचा तर नाहीच. अंगावर पांढुरके डाग, पाठ वाकडी, थव्यापासून लांब असा मासा दिसला की आधी त्याला वेगळं करा.

राहिलं संकट. ही समजूत दुकानदारांच्या फार सोयीची, मासा मेला की गिऱ्हाईक तक्रार न करता नवा न्यायला येतं. आठवड्याभरात तिन्ही गेले असतील तर आधी अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट आणा, दोन्ही शून्य येईपर्यंत नवीन मासे आणू नका.