आकृतीची ओळख आकृतीपाशीच हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रोखठोकही, म्हणून "धन्यवाद, विचार करतो" म्हणून वाटेला न लावता नीट उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑटोकॅड मॅप या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः काढलेल्या आकृत्यांना ऑब्जेक्ट डेटा, म्हणजे आकृतीलाच चिकटणारी माहितीची फील्ड, जोडा, असे मी सुचवले होते. तुमच्या मते हा जुनाट मार्ग आहे. लेयरला (आकृत्या ज्या थरात ठेवतो त्याला) नीट नाव दिले की निम्मे काम होते, उरलेले ब्लॉकच्या (एकदा काढून अनेक जागी ठेवायच्या चिन्हाच्या) अ‍ॅट्रिब्यूटवर (त्या चिन्हासोबतच्या माहितीच्या रकान्यांवर) भागते, आणि माहिती फारच असेल तर ती एक्सेलमध्ये ठेवून हँडलने (सॉफ्टवेअरने वस्तूला दिलेल्या क्रमांकाने) जोडावी. शिवाय, "ड्रॉइंग म्हणजे डेटाबेस नव्हे."

हे शेवटचे वाक्य मला मान्य आहे. ड्रॉइंगमध्ये सगळी माहिती कोंबावी असे माझे म्हणणे कधीच नव्हते. आकृतीची ओळख, म्हणजे तिचा क्रमांक आणि सहसा न बदलणाऱ्या दोन-तीन गोष्टी, तिला चिकटलेली हवी. बाकीचे बाहेर राहू द्या, राहावेच. आपले मतभेद आहेत ते ही ओळख कशाने चिकटवायची यावर.

आधी लेयर. एक वस्तू एका वेळी एकाच लेयरवर बसते, त्यामुळे लेयर एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. पाइपलाइनच्या नकाशात चार व्यास आणि तीन प्रकारचे पाइप असतील तर 12 लेयर झाले. त्यात चालू, बंद आणि प्रस्तावित अशी स्थिती जोडली की 36. पुढे कोणी "कधी टाकली?" असे विचारले की लेयरची यादी उघडायलाच भीती वाटते. लेयर दिसण्यासाठी आणि छपाईसाठी उत्तम आहे. त्याच्याकडून नोंदवहीचे काम करून घेऊ नये.

ब्लॉकच्या बाबतीत तुमचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. व्हॉल्व्ह, खांब, मॅनहोल अशा ठिपक्यासारख्या वस्तूंना अ‍ॅट्रिब्यूट असलेला ब्लॉक हाच सरळ उपाय, तिथे मीही तोच वापरतो. पण मूळ लेख वेड्यावाकड्या आकृत्यांबद्दल होता: तळे, बागेचा वाफा, जमिनीचा तुकडा. ब्लॉकमध्ये आकार असतो व्याख्येत आणि अ‍ॅट्रिब्यूटची किंमत (व्हॅल्यू) असते त्या त्या ठिकाणच्या इन्सर्टमध्ये (तिथे ठेवलेल्या प्रतीत). प्रत्येक तळ्याचा आकार निराळा, म्हणजे प्रत्येकासाठी निराळी व्याख्या हवी. मग ब्लॉकचा फायदा तो काय उरला? आणि कोणी घाईत एक्सप्लोड (ब्लॉक सुटा करायची आज्ञा) मारला की अ‍ॅट्रिब्यूटमधली किंमत जाते, जागेवर फक्त टॅगचे नाव उरते. बर्स्ट ही दुसरी आज्ञा वापरली तर किंमत टेक्स्ट म्हणून टिकते, पण आकृतीशी तिचा संबंध तुटलेलाच असतो.

आता हँडल, कारण खरी गोम तिथे आहे. ड्रॉइंगमधल्या प्रत्येक वस्तूला सॉफ्टवेअर एक हेक्साडेसिमल (अंक आणि A ते F अक्षरांचा) क्रमांक देते. फाइल कितीदाही सेव्ह करा, वस्तू सरकवा, फिरवा, ताणा, तो बदलत नाही. इथवर तुमचे बरोबर. पण हा क्रमांक त्या फाइलपुरताच असतो. तीच आकृती कॉपी करून दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करा, किंवा डब्ल्यूब्लॉकने (वेगळी फाइल करायच्या आज्ञेने) वेगळी काढा, तिथे तिला नवा हँडल मिळतो. ब्रेक या आज्ञेने पॉलीलाइनचे (सलग जोडरेषेचे) दोन तुकडे केले तर एकाकडे जुना हँडल राहतो, दुसऱ्याकडे नवा जातो. कोणी आकृती पुसून त्याच जागी पुन्हा काढली तर तुमच्या एक्सेलमधली ओळ पोरकी होते, आणि त्याची सूचना कुणालाच मिळत नाही. हँडल सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी ठेवला आहे. ज्या क्रमांकावर तुमचा हक्क नाही, त्यावर वर्षानुवर्षांची नोंद उभारू नका.

म्हणून तळ्याचे उदाहरण परत घेतो. "तळे" नावाचे ऑब्जेक्ट डेटा टेबल, त्यात तीनच फील्ड: क्रमांक, प्रकार आणि पाहणीचे वर्ष. ऑब्जेक्ट डेटात फील्डचे चारच प्रकार मिळतात, इंटिजर, रिअल, कॅरेक्टर आणि पॉइंट. क्रमांक कॅरेक्टरमध्येच ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्ये उडतात. खोली, मालकी, गाळ कधी काढला, हे सगळे बाहेरच्या टेबलात जाईल. क्षेत्रफळ तर मुळीच लिहू नका. ग्रिप (आकृतीवरचा पकडबिंदू) धरून एक कोपरा ओढला की आकृतीचे क्षेत्रफळ बदलते, फील्डमधला आकडा मात्र तसाच राहतो. एक्सपोर्ट करताना (दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी फाइल काढताना) ते आकृतीवरून घेता येते, तेव्हाच घ्या.

डेटा जोडण्याआधी आकृतीही तपासावी लागते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. डोळ्याला बंद दिसणाऱ्या पॉलीलाइनच्या दोन टोकांत स्नॅप (टोकाला अचूक पकडणे) चुकल्यामुळे केसाएवढी फट राहिलेली असते. प्रॉपर्टीजमध्ये "क्लोज्ड" पुढे "नो" दिसले की समजायचे. बंद पॉलीलाइनला बहुभुज मानण्याचा पर्याय एक्सपोर्टमध्ये आहे, पण बंदच नसलेल्या आकृतीला तो काय मानणार? स्प्लाइन (मोकळी वक्ररेषा) असेल तर आधी पीएडिट या आज्ञेने पॉलीलाइन करून घ्या. हॅचला (आकृतीच्या आतल्या भरणाला) डेटा जोडू नका, तिच्या कडेला जोडा. आणि शेपफाइलला (एक्सपोर्टमध्ये वापरायच्या नकाशाच्या फाइल-प्रकाराला) कमान कळत नाही. गोलाईचे छोट्या सरळ रेषांत तुकडे होतात, त्यामुळे क्षेत्रफळात किंचित फरक येतो. तो फरक कुठून आला हे माहीत असले की पुढचा वाद टळतो.

फील्डच्या नावांबद्दल तुम्ही काही विचारले नव्हते, तरी सांगतो, कारण मराठीत काम करणाऱ्याला हा फटका बसतोच. शेपफाइलची माहिती डीबीएफमध्ये (सोबतच्या टेबल-फाइलमध्ये) जाते आणि तिथे फील्डचे नाव जास्तीत जास्त 10 बाइटचे. "पाइप डायमीटर इन" आणि "पाइप डायमीटर आउट" ही नावे रोमन लिपीत लिहिली तर पहिली दहा अक्षरे सारखीच निघतात, मग कुठले आतले नि कुठले बाहेरचे ते ओळखत बसा. देवनागरीचे दुखणे याहून मोठे. यूटीएफ-8 (अक्षरे साठवायची एक पद्धत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट खाते आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. "क्षेत्रफळ" एवढ्या एका शब्दाचे 27 बाइट होतात. फील्डचे नाव आखूड रोमन ठेवा, आतला मजकूर खुशाल मराठीत लिहा, मात्र तिथेही मजकुराच्या फील्डला 254 बाइटची मर्यादा आहे.

लिस्प (ऑटोकॅडमधली प्रोग्रामिंग भाषा) लिहून एक्सडेटा (वस्तूला जोडलेली, सहज न दिसणारी माहिती) वापरावा, ही तुमची जाता जाता केलेली सूचना वाईट नाही. तो साध्या ऑटोकॅडमध्येही लिहिता-वाचता येतो. ऑब्जेक्ट डेटा तिथे प्रॉपर्टीजमध्ये दिसत नाही, ही त्याची खरी उणीव आहे. पण एक्सडेटाला प्रत्येक वस्तूमागे 16 केबीची हद्द आहे, तीही सगळ्या प्रोग्रामांत मिळून. आकृतीचा क्रमांक एक्सडेटातल्या 1070 या कोडखाली (छोट्या पूर्णांकाच्या जागी) ठेवला तर 32,767 च्या पुढे जाता येत नाही, 1071 वापरावा लागतो. स्वतः लिस्प लिहिणाऱ्याला हे सांभाळता येईल. त्याच्यानंतर फाइल हाती घेणाऱ्याला आत काही आहे याचा पत्ताही लागणार नाही.

आकृती कॉपी केली की तिच्याबरोबर ऑब्जेक्ट डेटाही कॉपी होतो आणि एकाच क्रमांकाची दोन तळी तयार होतात, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ऑब्जेक्ट डेटा हे रोखू शकत नाही. एक्सपोर्ट झाल्यावर बाहेरच्या टेबलाशी जोडण्याआधी क्रमांकांची पुनरावृत्ती तपासायची, एवढाच उपाय. एक्सेलमध्ये काउंटइफ या सूत्राने हे चटकन होते. त्याच वेळी रिकामे क्रमांकही शोधून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: जुन्या ड्रॉइंगमध्ये आकृतीच्या आत नुसता टेक्स्ट टाकून क्रमांक लिहिले आहेत, ते आकृतीला कसे जोडायचे? हाताने जोडू नका. फाइल डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीचा फाइल-प्रकार) करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. टेक्स्ट बिंदू म्हणून येतो आणि त्याचा मजकूर टेक्स्ट या फील्डमध्ये मिळतो. बंद आकृत्या रेषा म्हणून आल्या तर त्यांचे बहुभुज करून घ्या आणि मग स्थानावरून जोडणी करा. टेक्स्टचा बिंदू बहुधा अक्षरांच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात असतो. अरुंद आकृतीत तो कडेबाहेर पडतो आणि क्रमांक शेजारच्या आकृतीला जाऊन चिकटतो. म्हणून जोडणीनंतर ज्यांना एकही क्रमांक मिळाला नाही आणि ज्यांना दोन मिळाले, त्या आकृत्या आधी पाहा. चुका बहुतेक त्यांच्यातच सापडतील.